कुंड्यांचं आवर्तन

बिरदेवराव देवकात्यांनी त्या दिवशी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्यांच्या पत्नी प्रयागबाई अजूनही म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण तेहेतीस वर्षं कालव्यावर काढलेला माणूस, समोर पाणीवाटपाचा विषय आणि हातात फुकटचा गरम चहा, अशा वेळी गप्प बसायचं म्हणजे माणूस निदान आजारी तरी पाहिजे.

विषय कुंड्यांचा होता. बारामतीतल्या त्या बिल्डिंगला तळमजला धरून चार मजले, बारा बिऱ्हाडं आणि एक लिफ्ट. लिफ्ट नकाशावर होती, ती तिथंच राहिली. एप्रिल लागला तसं नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं, आणि तरी रोज सकाळी कुणाच्या तरी गॅलरीतून खाली टपटप गळायचं. पिण्याचं पाणी कुंड्यांना जातंय यावर मीटिंगचं एकमत झालं. कोण घालतंय यावर बारा मतं पडली. शेवटी सेक्रेटरी उत्कर्षा मॅडमनी ठराव वाचला, की उन्हाळाभर कुंड्यांना नळाचं पाणी बंद. मागच्या जुन्या बोअरचं मचूळ पाणी आठवड्यातून दोनदा गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या काळ्या टाकीत चढवायचं आणि ते कुंड्यांना वापरायचं.

"पाचशे लिटरनं काय हुतंय?" कुणीतरी म्हणालं.

इथं बिरदेवराव उठले. "पाणी कमी न्हाय. वाटप चुकतंय," ते म्हणाले. "मला चार दिवस द्या. आवर्तन बसवून देतो."

आवर्तन म्हणजे कालव्याची पाळी. बिरदेवराव कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीच्या हारतुऱ्यांत एक सल तसाच घरी घेऊन आले होते. त्यांच्या फाट्याचं तोंड, म्हणजे हेड, कायम भिजलेलं असायचं आणि शेपूट, म्हणजे टेल, कायम कोरडं. वरचे लोक मधेच दारं फोडायचे, उरलेलं पाणी पाटातलं गवत प्यायचं. तेहेतीस वर्षांत एकही आवर्तन ठरल्या दिवशी शेवटच्या शेतापर्यंत गेलं नाही. टेलचा शेतकरी बांधावर उभा राहून "सायेब, आलं का?" एवढंच विचारायचा आणि बिरदेवराव मोटारसायकलची किक शोधत खाली बघायचे. आयुष्यात एकदा तरी टेलला पाणी पोचवायचं, मग ते शेत असो नाहीतर कुंडी, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाची इच्छा याहून लहान असू शकत नाही, असं त्यांना वाटत होतं.

कुठल्याही आवर्तनाआधी पीकपाहणी करावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही, पट्टी आणि चष्म्याची जुनी दोरी घेऊन तळमजल्यावर उतरले. तिथं रसूलभाई मुलाणी राहायचे, मोटार वायंडिंगच्या दुकानाचे मालक. त्यांच्या बायकोनं, जमीलाभाभींनी, रंगाच्या बादल्यांत पुदिना, खताच्या गोणीत मेंदी आणि जळालेल्या मोटारीच्या रिकाम्या बॉडीत गुलाब लावला होता. बिरदेवरावांनी बॉडीचा व्यास मोजला. "पाच एचपीची हाय," रसूलभाई अदबीनं म्हणाले. ते खरंच अदबीनं म्हणाले की कसं, हे बिरदेवरावांना कधी ठरवता आलं नाही.

पहिल्या मजल्यावर तिन्ही घरांत नुसता मनीप्लांट निघाला. बिरदेवरावांनी तिन्ही ठिकाणी 'बिगरशेती' असा शेरा मारला. दुसऱ्या मजल्यावर छबूबाई होत्या, सांगवीहून मुलाकडं राहायला आलेल्या, वय अठ्ठ्याहत्तर. नातवंडांच्या आंघोळीच्या फुटक्या टबात त्यांनी लसूणघास पेरला होता.

"आजी, घास कुणाला? जनावर कुठाय?"

"जनावर सांगवीला हाय की. रविवारी पोरगा गाडीवर पेंडी घिऊन जातोय."

"पण सांगवीला रान हाय तुमचं! तितं घास न्हाय व्हय?"

"हाय की. पर त्यो काय मी लावल्याला न्हाय," छबूबाई म्हणाल्या, आणि यावर वहीत कुठला रकाना नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर एक घर बंद, एक बिरदेवरावांचं आणि एक उत्कर्षा मॅडमचं. मॅडम कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्याकडं चौदा निवडुंग आणि एक ऑर्किड होतं. ऑर्किड जानेवारीतच गेलं होतं, पण ते कबूल करायची मॅडमची तयारी नव्हती. बिरदेवरावांनी नापेर जमिनीला लिहितात तसं 'पड' लिहिलं.

"पड काय काका? ते झोपलंय," मॅडम दुखावल्या.

उरलं त्यांचं स्वतःचं घर. गॅलरीत निम्मा कापलेला निळा ड्रम आणि त्यात प्रयागबाईंचा अळू. नरसिंहपूरच्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला, काळ्या देठाचा, खास वडीचा. बिरदेवराव त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. अळू म्हणजे कुंड्यांतला ऊसच, नुसतं पाणी पिणार. त्यांनी 'बारमाही, जादा पाण्याचं पीक' लिहिलं आणि मग आतल्या खोलीकडं बघून ते जरा पुसट केलं.

पाहणीनंतर अर्ज. कालव्यावर पाणी मागायला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो, तोच त्यांनी खाडाखोड करून कुंड्यांना लागू केला. क्षेत्राच्या जागी कुंडीचा घेर, गट नंबरच्या जागी फ्लॅट नंबर. प्रत्येकी तीन प्रती. झेरॉक्सवाल्यानं कागद वाचला, बिरदेवरावांकडं पाहिलं आणि परत वाचला. उत्कर्षा मॅडमनी मोबाईलवरचा फॉर्म सुचवला, पण मोबाईलवर शिक्का उठत नाही या मुद्द्यावर तो फेटाळला गेला. दोन दिवसांत दहा घरांचे अर्ज आले. बंद घराचा येणार नव्हता, आणि उरलेला अर्ज त्यांच्याच घरात अडला होता.

"पस्तीस वर्सं तुमच्या घरात हाय मी," प्रयागबाई म्हणाल्या. "मीठ मागाया अर्ज केला न्हाय, आता अळवाला करू व्हय?"

तेव्हा बिरदेवरावांनी त्यांच्या वतीनं स्वतःच अर्ज भरला, 'करिता' म्हणून सही केली, खुर्ची टेबलाच्या पलीकडं नेली आणि अधिकारी म्हणून तो वाचला. घरच्या पिकाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून शेरा मारला: 'टेलची गरज भागल्यावर विचार होईल.' कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवला. दुपारी ताटात दोन भाकरी आणि चिमूटभर ठेचा आला.

"कालवण?" त्यांनी विचारलं.

"टेलची गरज भागल्यावर इचार हुईल," प्रयागबाई म्हणाल्या.

पहिलं आवर्तन गुरुवारी सकाळी सहाला सुटलं. रसूलभाईंनी टाकीपासून तळमजल्यापर्यंत मागच्या गॅलऱ्यांवरून काळा पाईप सोडला होता आणि मजल्यामजल्याला एकेक कॉक बसवला होता. नियम असा, की टेल टू हेड. आधी तळमजला भिजणार, मग पहिला, दुसरा आणि सगळ्यांत शेवटी तिसरा. बिरदेवरावांनी गच्चीवर शिट्टी मारली, व्हॉल्व्ह उघडला आणि गुडघ्यांना शिव्या घालत चार जिने उतरले. खाली रसूलभाई आणि जमीलाभाभी बादली लावून उभे होते. पाईपनं एक उसासा टाकला, मग एक झुरळ टाकलं. पाणी काही टाकलं नाही.

तपास करत ते परत वर चढले. दुसऱ्या मजल्यावर छबूबाईंचा टब काठोकाठ भरून वाहत होता. पाईपला दाभणानं पाडलेलं सुबक भोक होतं.

"आजी, ही पाणीचोरी हाय!"

"चोरी कसली रं? दारावरनं पाणी चाललंय, माजा घास माना टाकतोय, अन् मी नुसती बघत बसू? अन् ह्यो बघ, काम झालं की माराया बुच बी करून ठेवलाय. चोर कवा बुच करून ठेवतो व्हय?"

बाभळीच्या काटकीचा तो बुच इतका तंतोतंत बसत होता, की तेहेतीस वर्षांच्या अनुभवी नजरेला त्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही. तरी बिरदेवरावांनी चेहरा कडक ठेवला, भोक एम-सीलनं बुजवलं आणि वहीत 'आवर्तन क्रमांक एक, अंशतः' अशी नोंद केली.

दुसरं आवर्तन रविवारी सकाळी नऊला ठेवलं, सगळे घरी असतात म्हणून. सगळे घरी होते हीच अडचण झाली. जमीलाभाभींनी पाच किलो गव्हाच्या कुरडया अंगणात दोन खाटांवर घातल्या होत्या. या खेपेला छबूबाई हात मागं बांधून उभ्या होत्या, भोक बुजलेलं होतं, टाकी भरलेली होती, आणि तीन मजल्यांचा दाब घेऊन निघालेलं पाणी थेट तळमजल्याच्या वरच्या जोडापर्यंत आलं. तिथं पाईप जोडातून सुटला, हवेत दोनदा गरगर फिरला आणि त्यानं अतिशय समान वाटप करत दोन्ही खाटा भिजवल्या.

"साहेब!" रसूलभाई खालून ओरडले. "टेलला पाणी पोचलं!"

जमीलाभाभींनी छत्री आणून बिरदेवरावांच्या हातात दिली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे दोन दिवस वर्ग तीनचे निवृत्त कालवा निरीक्षक बिरदेव देवकाते डोक्यावर टोपी, हातात छत्री अशा थाटात अंगणात बसून कुरडया उलटत होते आणि कावळे हाकलत होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देऊन जात होता. एकानं काळं फडकं टांगायला सांगितलं. दुसऱ्यानं कुरडया सोडा आणि माझ्या लिंबाला चार वर्षं फळ का नाही ते सांगा म्हटलं. तिसऱ्यानं ताकात अंड्याची टरफलं भिजवून कुठल्याही झाडाला घालायचा उपाय सांगितला आणि निघताना कुरडई खाऊन पाहिली. बिरदेवरावांना वाटलं, कालव्यावर निदान लोक शिव्या तरी दुरून द्यायचे.

तिसरं आवर्तन मात्र बसलं. जोड पक्के झाले, कॉक वेळेवर उघडले आणि वेळेवर बंद झाले. जमीलाभाभींचा पुदिना भिजला, मेंदी भिजली, मोटारीतला गुलाब भिजला. पहिल्या मजल्यावरची बिगरशेती भिजली. छबूबाईंचा टब कायदेशीररीत्या भरला. बिरदेवराव शेवटी स्वतःच्या गॅलरीत आले, कॉक उघडला आणि आतून फक्त वारा आला. टाकी संपली होती.

"साहेब, कालव्यावर हेडवाला खातो," रसूलभाईंनी वर येऊन समजावलं. "हितं उलटं हाय. खाली दाब जास्त, खालचाच जास्त ओढतोय. तुमी आधी तिसऱ्या मजल्याला घ्या, मग खाली सोडा. सगळ्यास्नी पुरंल."

हिशेब बरोबर होता. बिरदेवरावांनाही तो कळला, पण मानवला नाही. ज्या दिवशी निरीक्षक आधी स्वतःच्या दारात पाणी घेतो त्या दिवशी तो निरीक्षक राहत नाही, असं ते म्हणाले. उत्कर्षा मॅडमच्या निवडुंगांची हरकत नव्हती, ऑर्किडची तर नव्हतीच. टेल भिजलं होतं. छबूबाईंनी "झाक झालं, सायेब" म्हणून दाद दिली होती. त्या दुपारी बिरदेवराव जसे झोपले तसे नोकरीत एकदाही झोपले नव्हते.

असं महिनाभर चाललं. दर गुरुवारी आणि रविवारी खालपासून तीन मजले भिजायचे आणि हेड कोरडं राहायचं. प्रयागबाई काही बोलत नव्हत्या, आणि ताटात कालवण परत आलं होतं, हे खरं तर त्यांना खटकायला हवं होतं. त्याहून खटकायला हवा होता तो अळू. पाण्याचा थेंब मंजूर नसताना त्याची पानं सुपाएवढी झाली होती. बिरदेवराव रोज गॅलरीत उभे राहून ती बघायचे आणि ड्रमात आपण सुचवलेला पालापाचोळा घातल्याचा हा परिणाम, असं मानून समाधानानं दहा वाजता वाचनालयात पेपर वाचायला जायचे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या पत्रपेटीत चिठ्ठी पडली. उत्कर्षा मॅडमनी ती संकोचून त्यांच्या हातात दिली. 'हेडचा अळू कशावर वाढतोय याची चौकशी व्हावी. आपला, एक लाभधारक.'

बिरदेवरावांनी ती दोनदा वाचली. तेहेतीस वर्षांत शिव्या खाल्ल्या, मोर्चे पाहिले, एकदा तर रागावलेल्या म्हशीनं पाटात ढकललं, पण घरचं पीक भिजवलं असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता कुणीतरी म्हणत होतं, तेही अळवावरून. वाईट हे, की पानांकडं बघून त्यांना स्वतःलाही शंका आली. ठरावाला, नियमाला, फ्रिजवरच्या शेऱ्याला डावलून प्रयागबाई नळाचं पाणी घालत असतील तर? त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर घरातली चौकशी, आणि घरातली चौकशी निःपक्षपाती धरत नाहीत.

"पंचनामा करायचा," त्यांनी मॅडमना सांगितलं. "रविवारी सकाळी दहाला, माझ्या गॅलरीत. तुमी आणि रसूलभाई पंच. तोवर कुठं बोलायचं न्हाय. रसूलभाईंना म्हणावं, बायकोला बी न्हाय."

रविवारी रसूलभाई जमीलाभाभींना दुकानात जातो सांगून वर आले. आज त्यांची नजर अळवाऐवजी जमिनीवर होती. प्रयागबाई तिघांना गॅलरीत बघून दारात थबकल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. बिरदेवरावांनी शिक्क्याची पेटी कठड्यावर ठेवली. मॅडम लिहायला बसल्या. पानांची संख्या सत्तावीस. देठाचा रंग काळा. ड्रमातली माती बोटानं दाबून पाहिली, ओली.

"ओली लिहू काका?" मॅडमनी हळूच विचारलं.

"जे हाय ते लिहा," बिरदेवराव म्हणाले.

तेवढ्यात जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. उघड्या दारातून छबूबाई आत आल्या, कमरेवर पितळी तपेली, तिच्यात दुधी रंगाचं पाणी हिंदकळतंय. "प्रयागे, घे गं बाय, आज तांदूळ जरा जास्त धुतला. गेला न्हवं सायेब वाचनालयात?" असं म्हणत त्या थेट गॅलरीत पोचल्या आणि साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या.

कुणी काही बोलायच्या आत मागून आणखी पावलं वाजली. तळमजल्यावरून तीन जिने चढून जमीलाभाभी आल्या, हातात डाळ धुतलेल्या पाण्याची किटली. नवरा पंच म्हणून बसलेला पाहून त्यांनी किटली पदराआड घेतली. पहिल्या मजल्यावरचीही कुणीतरी तांब्या घेऊन दारापर्यंत आली, आतली गर्दी बघितली आणि मागच्या मागं उतरून गेली.

"तू?" रसूलभाई म्हणाले.

"तुमी दुकानात न्हाय गेला?" जमीलाभाभी म्हणाल्या.

"हे काय चाललंय?" बिरदेवरावांनी विचारलं. आवाज अधिकाऱ्याचाच काढायचा होता, निघाला मात्र दुसराच.

छबूबाईंनी तपेली खाली ठेवली. "चाललंय काय? तू समद्यास्नी पाणी देतुयास. ह्या म्हातारीच्या घासाला देतुयास, हिच्या पुदिन्याला देतुयास. अन् तुज्याच बायकोचा अळू करपाया लागल्याला. मी तिला म्हनलं, तुज्या नवऱ्याला सांग. ती म्हनली, न्हाय, त्यास्नी आयुष्यात पयल्यांदा मनासारखं काम गावलंय, त्येंचा नेम मोडायचा न्हाय. मग आमी बायकांनीच ठरीवलं. धुवण हाय, ते नळाचं बी न्हाय अन् टाकीचं बी न्हाय. त्येला तुजा अर्ज लागतोय व्हय?"

रसूलभाईंनी घसा खाकरला. "साहेब, एक सांगायचं हुतं. ती चिठ्ठी माजी. कुरडयांचा राग हुता जरासा, म्हनलं गंमत करावी. मला काय म्हाईत, पाणी माज्याच घरनं येतंय."

जमीलाभाभींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की रसूलभाई पंच असूनही कठड्याला टेकले.

बिरदेवराव स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले. प्रयागबाई तिथं उभ्या होत्या, हातात चण्याच्या पिठाचा डबा. इतके दिवस त्या गप्प होत्या त्या रागानं नाही, हे त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. टेलला पाणी पोचवायचं एवढंच आजवर त्यांच्या डोक्यात होतं. टेल जिने चढून स्वतः वर येईल, तेही तपेली घेऊन, हे कुठल्या नियमावलीत नव्हतं.

"काका," मॅडमनी पेन वर धरलं. "पाण्याचा स्रोत काय लिहू?"

"शेजार," बिरदेवराव म्हणाले.

मॅडमनी तसं लिहिलं. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. जमीलाभाभींनी साक्षीदार म्हणून सही केली आणि छबूबाईंनी मोठ्या हौसेनं शिक्क्याच्या पेटीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. मग त्यांनी शाई पुसायला म्हणून अळूचं एक पान तोडलं. शाई काही पुसली गेली नाही, पण पान हातात आलंच आहे म्हणून दुसरं तोडलं, मग तिसरं, आणि सगळी चवड प्रयागबाईंच्या हातात दिली.

"चिंचंचा कोळ जरा जास्त घाल गं," त्या म्हणाल्या, "न्हायतर घशाला खाजतंय."